रक्त चालतं, प्रश्न चालत नाही

२०२३ च्या डिसेंबरात नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात संशोधक विद्यार्थ्यांच्या फेलोशिपचा विषय निघाला. विषय सारथीचा, म्हणजे मराठा पोरांचा होता. तेव्हाच्या एका उपमुख्यमंत्र्यांनी भर सभागृहात विचारलं की पीएचडी करून ही पोरं काय दिवे लावणार आहेत. पेपरात बोंबाबोंब झाली, आणि मग सगळं थंड झालं.

मला तो प्रश्न फार मोलाचा वाटतो. गटारात उतरणाऱ्याला कुणी विचारत नाही, बाबा, उतरून काय दिवे लावतोस. धुणीभांडी करणारीला विचारत नाही. नाक्यावर उभ्या बिगाऱ्याला विचारत नाही. गरिबाचं पोर परीक्षानळी हातात धरतं, कॉम्प्युटरसमोर बसून प्रश्न मांडतं, तेव्हाच राज्यकर्त्याला दिव्याची आठवण होते. मराठ्यांच्या पोरांना सरकार असं बोलत असेल, तर बार्टीच्या दारात बसलेल्या आपल्या पोरांबद्दल त्याच्या मनात काय असेल, याचा हिशेब तुम्हीच करा.

तर दिवे. काय लावणार, कुठे लावणार आणि आजवर कुणी फुंकून विझवले, ते सांगतो. मी स्वतः याच धंद्यात आहे. ज्वारीच्या जनुकांवर कॉम्प्युटरवर काम करतो. पीएचडीचं पाचवं वर्ष चालू आहे. बाप सफाई खात्यातून रिटायर झाला. घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिला. हे भांडवल म्हणून सांगत नाही, कुठून बोलतो ते कळावं म्हणून सांगतो.

विद्यापीठांच्या जाहिरातीत हल्ली तीन शब्द सोन्याच्या भावाने विकले जातात. लाईफ सायन्सेस. बायोइन्फॉरमॅटिक्स. सस्टेनेबल फूड. आपल्या पोरांना वाटतं, हे काचेच्या इमारतीतलं, फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्यांचं काम. आपलं नाही. दोस्तांनो, या तिन्ही शब्दांचा वस्तीतला अर्थ सांगतो. लाईफ सायन्स म्हणजे रक्त. सस्टेनेबल फूड म्हणजे भाकर. आणि बायोइन्फॉरमॅटिक्स म्हणजे या रक्ताचा आणि भाकरीचा हिशेब लिहिलेली वही. रक्त आपलं, भाकर आपली, वही त्यांच्या हातात. वही दुसऱ्याच्या हातात असली की काय होतं, ते सावकाराकडे अंगठा उठवलेल्या आपल्या आज्याला विचारा.

रक्तापासून सुरू करू. विदर्भात सिकलसेल कुणाला नवा नाही. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया. बौद्धांच्या वस्त्यांत, आदिवासींच्या पाड्यांत पोरं सांधे धरून रात्र रात्र कण्हतात. आजार काय? रक्तातलं हिमोग्लोबिन बनवणाऱ्या एका जनुकातलं एक अक्षर बदललेलं. ‘ए’च्या जागी ‘टी’. बस्स, एवढंच. त्या एका अक्षराने गोल तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिनीत अडकते आणि माणूस तडफडतो. आईकडून एक आणि बापाकडून एक अशी दोन्ही अक्षरं आली तर आजार. एकच आलं तर माणूस धडधाकट राहतो, वर मलेरियाने मरायची शक्यता कमी होते. म्हणजे हे अक्षर मलेरियाच्या मुलखात जगायची आपल्या पूर्वजांनी मोजलेली किंमत आहे. पाप नाही, शाप नाही, करणी नाही.

१९५८ साली नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलवरचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये छापला. महारांचं रक्त तेव्हाच सूक्ष्मदर्शकाखाली गेलं होतं. आणि हा आजार संपवायची देशपातळीवरची मोहीम कधी सुरू झाली? १ जुलै २०२३ ला, मध्य प्रदेशातल्या शहडोलमध्ये. सात कोटी लोकांची तपासणी करणार आणि २०४७ पर्यंत आजार संपवणार असं जाहीर झालं. लेख छापल्यावर ६५ वर्षांनी! दरम्यान किती प्रबंध झाले, किती प्रमोशनं झाली, किती विमानं परिषदांना उडाली. रक्त देणाऱ्याच्या हातात मात्र बोटाला दाबून धरायचा कापूस तेवढा आला.

आता औषधाकडे बघा. २०२३ च्या अखेरीला ब्रिटन आणि अमेरिकेने सिकलसेलवरच्या जनुकीय उपचाराला मान्यता दिली. नाव कॅसजेव्ही. अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर. गोंदियाच्या शेतमजुराने सात जन्म राबलं तरी ते औषध त्याला लांबूनही दिसायचं नाही. म्हणून दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संस्थेने स्वस्तातला देशी उपचार तयार करायला घेतला, आणि २०२५ च्या नोव्हेंबरात तो जाहीर केला. नाव ‘बिरसा १०१’. काम चांगलं आहे, ते मी मानतो. पण माझा सवाल साधा आहे. औषधाला नाव बिरसाचं, तर प्रयोगशाळांत बिरसाची पोरं किती? त्यातल्या किती जणांनी ठरवलं की कुठल्या जिल्ह्यापासून सुरुवात करायची, कुणाला आधी द्यायचं, किंमत किती ठेवायची?

मी सिकलसेलच्या एका शिबिरात मदतीला गेलो होतो. संमतीपत्र इंग्रजीत. बायका रांगेत. अंगठे उठले, नळ्या भरल्या, नळ्यांवर नंबर चिकटले. एका बाईने विचारलं, “साहेब, यातून आमच्या पोरीला काय समजंल?” साहेब म्हणाले, रिपोर्ट येईल. सहा महिन्यांनी मी पुन्हा गेलो. रिपोर्ट आला नव्हता.

दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. ९ मे १९१६ ला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने निबंध वाचला. विषय भारतातल्या जाती. त्या पोराचं म्हणणं असं की जातीचं मर्म एकाच गोष्टीत आहे: जातीतल्या जातीत लग्न. बाकी सगळा डोलारा त्यावर उभा. तो विद्यार्थी भीमराव आंबेडकर. त्यानंतर बरोबर १०० वर्षांनी, २०१६ साली, बंगालातल्या कल्याणीच्या जनुकसंस्थेतल्या शास्त्रज्ञांनी भारतातल्या वेगवेगळ्या समूहांचे जनुक कॉम्प्युटरवर मांडले. निघालं काय? पूर्वी सगळ्यांत सरमिसळ होती. मग साधारण ७० पिढ्यांपूर्वी वरच्या जातींत ती एकाएकी थांबली. दारं बंद झाली. त्याआधी २०१३ साली हैदराबादच्या सीसीएमबीने अमेरिकी शास्त्रज्ञांबरोबर केलेल्या अभ्यासातही हेच चित्र होतं. सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात सगळे एकमेकांत मिसळत होते, नंतर नाही.

म्हणजे शुद्ध रक्त नावाची चीजच नाही. पेशव्यांच्या वाड्यातही नाही आणि महारवाड्यातही नाही. सगळे भेसळीचे. जनुकाने जात बनवली नाही, जातीने जनुकांवर वळ उठवले. बाबासाहेबांनी ग्रंथ वाचून आणि अक्कल चालवून जे सांगितलं, त्यावर मशीनने शंभर वर्षांनी शिक्का मारला. आता मला सांगा, हे संशोधन आपल्या पोरांनी करायला नको होतं? ज्याच्या पाठीवर वळ आहेत त्याला वळ मोजायचा हक्क पहिला. ९ जानेवारी २०२५ ला ‘जीनोम इंडिया’ने दहा हजार भारतीयांच्या जनुकांची माहिती फरिदाबादच्या सरकारी केंद्रात संशोधकांसाठी खुली केल्याचं जाहीर झालं. अर्ज करायचा, प्रश्न मांडायचा, माहिती मिळवायची. वही उघडली आहे. प्रश्न घेऊन कोण जाणार? आपण गेलो नाही तर ‘अमुक जातीची बुद्धी’ आणि ‘तमुक जातीचं शौर्य’ शोधणारे टिळे लावून जातीलच.

आता भाकर. २०२३ हे साल युनोने भरडधान्य वर्ष म्हणून पाळलं. आपल्याकडे त्या फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पात ज्वारी, बाजरी, नाचणीला ‘श्री अन्न’ असं नाव मिळालं. वा रे वा! आमच्या ताटात होती तोवर ती गरिबाची भाकर. पाहुणा आला की लपवायची. शाळेत डबा उघडला की पोरं हसायची. हिरव्या क्रांतीनंतर रेशनच्या दुकानातून गहू-तांदूळ आला आणि ज्वारी म्हणजे मागासलेपण असं आमच्याच डोक्यात भरवलं गेलं. आता डॉक्टरने साहेबाला मधुमेह सांगितला तेव्हा तीच भाकर ‘श्री’ झाली, प्लास्टिकच्या पुडीत बसली आणि मॉलमध्ये चौपट भावाने गेली.

माझं काम ज्वारीवर आहे म्हणून सांगतो. ज्वारीची गुणसूत्रं १०, आणि त्यांत सुमारे ७३ कोटी अक्षरं. २००९ साली ही सगळी अक्षरं वाचून ‘नेचर’मध्ये छापली गेली. मी त्यातली कुठली अक्षरं पाण्याच्या ताणात झाडाला हिरवं ठेवतात ते शोधतो. रब्बीची ज्वारी पावसावर येत नाही, काळ्या जमिनीने धरून ठेवलेल्या ओलीवर येते. ती ओल संपत आली तरी काही झाडांची पानं हिरवी राहतात आणि कणीस भरतं. शास्त्रात याला ‘स्टे-ग्रीन’ म्हणतात. आता मंगळवेढ्याची मालदांडी घ्या. १९३० नंतरच्या दशकात मोहोळच्या सरकारी केंद्रावर स्थानिक मालदांडीतून निवड करून ‘एम ३५-१’ हे वाण काढलं गेलं. पुढे कित्येक दशकं दख्खनच्या रब्बीवर त्याच वाणाचं राज्य. पण केंद्रावर यायच्या आधी शेकडो वर्षं ती मालदांडी कुणी निवडली? कुठलं कणीस बियाण्याला ठेवायचं, कुठलं दळायचं, हे कुणाच्या हाताने ठरवलं? शेत पाटलाचं असेल, पण पेरणीला, काढणीला, खळ्यावर हात कुणाचे होते? माझी आजी खळ्यावर मातेरं गोळा करायची. माती-खड्यातून दाणा पाखडून घरी आणायची. कणसाकडे नुसतं बघून ती सांगायची की हे झाड तहानेला टिकलं होतं. तिला ‘स्टे-ग्रीन’ माहीत नव्हतं, पण ते नजरेने ओळखता येत होतं. माझ्या प्रबंधात तिचं नाव संदर्भ म्हणून देता येत नाही, कारण तिने ते कुठल्या जर्नलात छापलं नाही.

अशा बायका आजही आहेत. तेलंगणात जहिराबादजवळ पस्तापूरला डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी आहे. तिथल्या संघमांत बहुतेक दलित बाया. पडीक जमिनी त्यांनी कसायला घेतल्या, एकेका शेतात डझन-दोन डझन पिकं मिसळून लावली, बियाण्याच्या बँका उभारल्या. २०१९ साली त्यांना युनोच्या विकास कार्यक्रमाचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. आपल्याकडे अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे. महादेव कोळी समाजाच्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या. देशी बियाण्यांची बँक उभी केली, २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. पद्मश्री मिळते, शाल मिळते, फोटो निघतो. विद्यापीठातली खुर्ची मिळत नाही. त्यांचं बियाणं दिल्लीच्या राष्ट्रीय जनुकपेढीत जाऊ शकतं, जिथे साडेचार लाखांहून जास्त वाणं थंडीत जपून ठेवली आहेत. त्यांचा प्रश्न तिथे जाऊ शकत नाही.

पण एक खबरदारी घ्या. आपल्या भुकेचा कुणाला गौरव करू देऊ नका. आपल्या जुन्या खाण्यावर लिहायची आता फॅशन येते आहे. शाहू पाटोळ्यांनी २०१५ साली ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ लिहून मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या चुलीची नोंद केली, ते मोठं काम आहे. चान्या, वजडी, रक्ती, हुलग्याचं माडगं, तांदुळजा, तरोटा. जनावराचं काहीही वाया न घालवणारं, रानातल्या पाल्यावर जगणारं खाणं. परदेशातला शास्त्रज्ञ हे बघून म्हणेल, काय हो, पृथ्वीला किती सोसणारं अन्न! अरे, ते आम्ही पृथ्वीसाठी खात नव्हतो. दुसरं मिळत नव्हतं म्हणून खात होतो. १९२७ ला महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा म्हणून सांगितलं ते उगाच नव्हे. उपासमारीला सस्टेनेबिलिटी म्हणणारा माणूस आपला मित्र नाही. आणि उलट बाजूही बघा. पैसे देऊन विकत घेतलेलं, गरिबाला परवडणारं बैलाचं मांस २०१५ साली महाराष्ट्रात कायद्याने बंद झालं. कुठलं प्रोटीन पवित्र आणि कुठलं गुन्हा, हे कुठल्याही प्रयोगशाळेत ठरलेलं नाही. आपल्याला असे संशोधक हवेत की जे या दोन्ही थापा आकडे मांडून फोडतील.

तिसरी गोष्ट वहीची. बायोइन्फॉरमॅटिक्स. हा दरवाजा मला सगळ्यांत उघडा वाटतो. जीवशास्त्राची प्रयोगशाळा उभी करायला कोट्यवधी लागतात. पण जगभरच्या संशोधकांनी वाचलेल्या जनुकांची अक्षरं जेनबँक नावाच्या सार्वजनिक पेढीत १९८२ पासून जमा होत आली आहेत. ती फुकट बघता येतात. एक अक्षरमाला दुसरीशी ताडून बघायचं ‘ब्लास्ट’ नावाचं हत्यार १९९० पासून आहे, तेही फुकट. पायथन फुकट, आर फुकट. सेकंडहँड लॅपटॉप आणि धड चालणारं इंटरनेट एवढ्यावर चेंबूरच्या खोलीत बसून ज्वारीच्या जनुकावर खरोखरचा प्रश्न सोडवता येतो. पुणे विद्यापीठात या विषयाचं केंद्र १९८७ पासून आहे. आज ते विद्यापीठ सावित्रीबाईंच्या नावाने ओळखलं जातं.

इथेही सापळे आहेत, तेही सांगतो. एक म्हणजे नुसती बिगारी. कंपन्यांना दिवसभर बसून जनुकांवर लेबलं चिकटवणारी स्वस्त पोरं हवी असतात. लेबलं चिकटवून कुणी शास्त्रज्ञ होत नाही. दुसरा सापळा छापण्याचा. २०२५ पासून केंद्राने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ आणलं, सरकारी संस्थांतल्या पोरांना हजारो जर्नलं वाचायला मिळू लागली. चांगलंय. पण छापायचं तर? २०२० च्या शेवटी ‘नेचर’ने लेख सर्वांना खुला ठेवायची फी जाहीर केली, ९,५०० युरो. बापाच्या वर्षभराच्या पेन्शनमध्ये त्यातला एक परिच्छेद छापून येईल.

आता दारावरचा पहारा बघू. २००६ साली केंद्रीय शिक्षणसंस्थांत विद्यार्थ्यांच्या प्रवेशासाठी आरक्षणाचा कायदा झाला. टाळ्या वाजल्या. त्याच कायद्याचं चौथं कलम वाचलंय कुणी? त्यात म्हटलंय की परिशिष्टातल्या काही ‘उत्कृष्ट’ संस्थांना हा कायदा लागू नाही. यादीत मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. बंगळूरचं एनसीबीएस हे जीवशास्त्राचं नावाजलेलं केंद्र तिचंच. यादीत मानेसरचं मेंदू संशोधन केंद्र आहे, बंगळूरचं जवाहरलाल नेहरू केंद्र आहे. २०१९ साली शिक्षकांच्या जागांसाठी कायदा झाला, त्यातही चौथं कलम तसंच, परिशिष्ट तसंच. म्हणजे उत्कृष्टता सुरू होते तिथे आपण संपतो, असं संसदेने लिहून ठेवलं. देवळाच्या पायरीवर पाटी असायची, ही तीच पाटी. फक्त राजपत्रात छापलेली.

आणि जिथे कायदा लागू आहे तिथे? २०२३ च्या जानेवारीत ‘नेचर’नेच माहितीच्या अधिकारातले आकडे छापले. वरच्या क्रमांकाच्या आयआयटी आणि बंगळूरच्या आयआयएस्सीत प्रोफेसरांमध्ये दलित आणि आदिवासी मिळून एक टक्काही नाहीत. आपली माणसं प्रयोगशाळेत अजिबात नाहीत असं मात्र समजू नका. आहेत. काचसामान धुतात. उंदरांचे पिंजरे साफ करतात. कंत्राटी.

हे कसं घडतं? कुणी दारात काठी घेऊन उभं नसतं. एमएस्सी, मग नेट, मग गाईड, मग पाच-सहा वर्षं पीएचडी, मग दोन-चार वर्षं परदेशात पोस्टडॉक, मग पस्तिशीत नोकरीची मुलाखत. या प्रत्येक पायरीवर एक कागद लागतो: शिफारसपत्र. ते लिहिणारा ठरवतो की तुम्ही ‘हुशार’ की ‘मेहनती’. आपल्याबद्दल नेहमी ‘मेहनती’ लिहिलं जातं. माझ्या एका मुलाखतीत, संस्थेचं नाव घेत नाही, पाच जण बसले होते. पहिला सवाल विज्ञानाचा नव्हता. “कॅटेगरीतून का?” मग वडील काय करतात. मी ज्वारीच्या पानांबद्दल बोलत होतो, ते माझे उच्चार ऐकत होते. प्रयोगशाळेत ‘कंटॅमिनेशन’ म्हणतात ते जंतूंचं. जंतू जात विचारत नाही. विचारणारे टेबलाच्या पलीकडे असतात.

त्याहून धारदार हत्यार म्हणजे फेलोशिप. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफ महिन्याला ३७,००० रुपये झाली, वर घरभाडं. कागदावर झकास. माझी नऊ महिने अडकली. एक टेबल म्हणायचं फाईल वर गेली, वरचं म्हणायचं खाली आहे. नऊ महिने बापाच्या पेन्शनवर पीएचडी चालली. ज्याच्या बापाचा फ्लॅट आहे त्याला नऊ महिने म्हणजे गैरसोय. आपल्याला नऊ महिने म्हणजे डिलिव्हरीची बॅग पाठीवर. २०२३ साली बार्टीच्या फेलोशिपसाठी आपली पोरं-पोरी आझाद मैदानात ठिय्या देऊन बसली होती. संशोधन करायच्या वयात उन्हात सतरंजीवर. रोहित वेमुला जीवशास्त्रातूनच आलेला. तो १७ जानेवारी २०१६ ला गेला तेव्हा सात महिन्यांची फेलोशिप थकलेली होती, पावणेदोन लाख. शेवटच्या पत्रात त्याला तो हिशेब लिहून ठेवावा लागला. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून बाबासाहेबांनाही लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परत यावं लागलं होतं. शंभर वर्षांत बडोद्याचे महाराज गेले, सरकार आलं, पोरगं मात्र अजून मनिऑर्डरची वाट बघतंय.

आणि पैसे दिलेच तर प्रश्नावर कुंपण. अनुसूचित जातींच्या पोरांना परदेशी शिकायला केंद्राची शिष्यवृत्ती आहे. २०२२ साली तिच्या नियमांतून भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतीय समाजाचा अभ्यास असले विषय काढून टाकले. खोच ध्यानात घ्या. दलित पोराने नेदरलँड्सला जाऊन ज्वारीचं जनुक शोधलं तर पैसे. तीच ज्वारी कुणी राखली, कुणाला उपाशी ठेवून राखली, हे विचारलं तर पैसे नाहीत. हात चालतील, डोकं नको.

आता आपल्याच घरातल्या आक्षेपाकडे येतो. वस्तीतले जाणते म्हणतात, एमपीएससी कर, तलाठी हो, पोटाला लाग. त्यांचं चुकत नाही. संशोधनाची वाट लांब आहे, जागा थोड्या आहेत, तिशी उलटली तरी आईच्या हातात पगार पडत नाही. मी कुणाला भुलवणार नाही. पण दहा हजार पोरं अभ्यासिकेत एकाच पुस्तकाची पानं झिजवतात, तिथली पन्नास तरी इकडे वळली पाहिजेत. चळवळीतले काही म्हणतात, आपलं काम कविता, मोर्चा आणि समाजशास्त्र, विज्ञान भांडवलदारांचं. मग १९४६ ला सिद्धार्थ कॉलेज काढताना बाबासाहेबांनी आर्ट्सच्या शेजारी सायन्स कशाला ठेवलं? आणि तिसरे आपलेच साहेब, जे त्या काचेच्या इमारतीत पोचले आणि आडनाव बदलून गप्प बसले. साहेब, तुमची भीती आम्हाला कळते. पण निदान एका पोराचा अर्ज तपासून द्या. एक शिफारसपत्र ‘हुशार’ म्हणून लिहा.

मागण्या मोजक्या आहेत. फेलोशिप महिन्याच्या ठरल्या तारखेला खात्यात पडली पाहिजे, उशीर झाला तर व्याजासकट. दोन्ही कायद्यांतलं चौथं कलम रद्द झालं पाहिजे. प्रत्येक संशोधन संस्थेने आपल्या विद्यार्थ्यांचे आणि प्रोफेसरांचे प्रवर्गवार आकडे दरसाल फलकावर लावले पाहिजेत. परदेशी शिष्यवृत्तीवरचं विषयाचं कुंपण उखडलं पाहिजे. आणि वस्तीतून रक्त किंवा बियाणं नेलं, तर काय सापडलं ते त्याच वस्तीत येऊन मराठीत, गोंडीत, भिलीत सांगितलं पाहिजे.

सरकार हे देईल तेव्हा देईल. आपण काय करायचं? दर वस्तीत रविवारी एका लॅपटॉपभोवती दहा पोरं बसवा आणि जेनबँक उघडा. पायथन येणाऱ्याने न येणाऱ्याला शिकवावं. नेटची फी भरायला जयंतीच्या वर्गणीतून हिस्सा काढा. डीजे एक तास कमी वाजला तर बाबासाहेब रागावणार नाहीत. फेलोशिप अडकलेल्या पोराला उसने द्यायला फंड उभारा. आणि उद्या वस्तीत कुणी नळ्यांची पेटी घेऊन आला तर त्याला बसवा, पाणी द्या आणि अंगठा उठवण्याआधी तीन सवाल करा. हे रक्त कुठे जाणार? उत्तर आम्हाला कोण, कधी सांगणार? आणि तुमच्या लॅबमध्ये आमची पोरं किती, नि ती काय काम करतात?

जय भीम.